ग्राँ-प्रेची खारबंदिस्ती

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, कॅनडात कुठली आलीय खारबंदिस्ती, समुद्राचं खारं पाणी बांधाने अडवून केलेली शेती? आहे, आणि आपल्या खारेपाटातल्या माणसाला बघताक्षणी ओळखू येईल अशी. नोव्हा स्कोशियातलं ग्राँ-प्रे. नावाचा अर्थच 'मोठं कुरण'. शेजारी मायनस बेसिन, म्हणजे फंडीच्या आखाताचं आतलं टोक. तिथे भरती-ओहोटीतला फरक सरासरी 11.6 मीटर! धरमतर खाडीचं उधाण त्यापुढे काहीच नाही.

1680 च्या दशकात फ्रेंच वंशाचे अकेडियन शेतकरी इथे आले. त्यांच्या पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या वस्तीचं, नाव सें-शार्ल-दे-मीन. जंगल तोडत बसण्यापेक्षा त्यांनी खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी दलदल, बांध घालून आत घेतलं.

खारं गवत मुळांसकट, विटेसारखं कापायचं. त्या विटा बांधाच्या दोन्ही अंगांना रचायच्या, मधे माती. गवत जगतं, मुळं एकमेकांत गुंततात आणि बांध लाटेला दाद देत नाही. म्हणून वीट ओली, जिवंत हवी. नाल्याच्या तळाशी बांधाखालून लाकडी पन्हळ घालायची, तिला आबॉतो म्हणतात. तिच्यात बिजागरीवर लोंबणारी एक फळी. ओहोटीला आतलं पाणी फळी ढकलून बाहेर पडतं, भरतीला समुद्रच ती दाबून धरतो. आपली उघाडीच! फळीत काडीकचरा अडकला की ती नीट बसत नाही आणि खारं पाणी शेतात. नव्या जमिनीतलं मीठ पावसाने आणि वितळत्या बर्फाने धुऊन निघायला दोन-तीन वर्षं जात, मग गहू.

5 सप्टेंबर 1755 ला लेफ्टनंट कर्नल जॉन विन्स्लोने 418 पुरुष आणि मुलगे याच पॅरिशच्या चर्चमध्ये बोलावले आणि जमीन, गुरं ब्रिटिश राजाने जप्त केल्याचं ऐकवलं. या भागातून सुमारे 2,200 माणसं जहाजांत कोंबून बाहेर काढली. जाताना लोकांनी 1707 ते 1748 च्या बाप्तिस्म्या-लग्नांच्या नोंदवह्या मात्र बरोबर नेल्या. त्या आज लुइझियानात, बॅटन रूजला आहेत. आई, घर सुटताना हे उचलायचं सुचलं, याचं मला फार वाटतं.

नोव्हेंबर 1759 च्या वादळात बांधाला खांडी, म्हणजे भगदाडं, पडली. 1760 ला न्यू इंग्लंडहून आलेल्या नव्या मालकांना समुद्राचा बांध माहीतच नव्हता. शेवटी कैदेतल्या अकेडियनांनाच मजुरीवर आणून दुरुस्ती करावी लागली, त्यांच्याच हिरावलेल्या जमिनीची.

आज बांधाआतल्या जमिनीचं शेतकरी मिळून बघतात, त्यांच्या मंडळाला 'मार्श बॉडी' म्हणतात. 2012 ला युनेस्कोने हा परिसर जागतिक वारशात घेतला.

बाबा, आपल्याकडे जोळात, म्हणजे बांध राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटात, घरटी किती माणसं लागत आणि खांड कशी बुजवत, ते सविस्तर लिहून पाठवा.

तुमची,
धाकटी