रेडिओला सीट देणाऱ्यांचे आभार

परवा अमळनेर-जळगाव एसटीत ज्या दोन कॉलेजच्या पोरांनी स्वतः उठून आमच्या आण्णांच्या जुन्या व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, आत काचेच्या नळ्या असलेल्या) रेडिओला सीट दिली (मला नाही, रेडिओला!) त्यांचे, आणि जळगावात गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या मेकॅनिक बाबांचे मनापासून आभार, नावं विचारायची राहूनच गेली. बाबांनी बिस्किटाच्या डब्यातून जुना व्हॉल्व्ह शोधला, पायांवरचा गंज पॉलिश पेपरने घासला, फुंकर मारून बसवला आणि स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा तो हिरव्या उजेडाचा डोळा हळूहळू उघडला ना भाऊ, अंगावर काटाच आला. पैसे घेतलेच नाहीत, नुसता चहा.

१९५२ ला रेडिओ सिलोनवर (म्हणजे आताच्या श्रीलंकेतून) हिंदी सिनेमाच्या गाण्यांची बिनाका गीतमाला सुरू झाली, अमीन सायानींचा आवाज, बुधवारी रात्री आठ वाजता. आमच्या ओट्यावर अर्धी गल्ली बसायची, शॉर्टवेव्हची खरखर वाढली की आण्णा जाळीची एरियल हलवायचे, आणि एक नंबरच्या गाण्याआधी बिगुल वाजला की आम्ही पोरं ताटावरून उठून पळायचो, माय ओरडायची ते वेगळंच. पोस्टात लायसन्सचे पैसे भरावे लागायचे रेडिओचे, हे नातवाला खरंच वाटत नाही.

आता त्यावर जळगाव आकाशवाणी मस्त लागतं. तुम्ही तिघं हे वाचत असाल तर अमळनेरला या, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी पक्की.