चर्चमधला तेवढाच मित्र, बाकीची कुसंगत?

संपादक साहेब, नमस्कार,

मुलांच्या संगतीबद्दल आपल्या पेपरात मागे एक पत्र आलं होतं, ते वाचल्यापासून लिहायचं डोक्यात होतं. आम्ही बडोद्याचे मराठी ख्रिश्चन, फतेगंजला राहतो, आणि आमच्याकडे हा विषय निघाला की एकच वचन पुढे येतं, "कुसंगतीने नीती बिघडते". परवा युवकांच्या मीटिंगला आलेल्या पाहुण्या वक्त्यांनी तर मुलांना सरळ सांगून टाकलं की दोस्ती करायची तर विश्वासणाऱ्यांशीच, म्हणजे ख्रिस्ती लोकांशीच, करा. माझी मुलगी बारावीला आहे, तिची जिवाभावाची मैत्रीण आमच्याच सोसायटीतली, त्यांच्याकडे गणपती बसतो. घरी येऊन चपला काढायच्या आधीच विचारते, पप्पा, आता तिच्याशी बोलायचं नाही का?

आता हे वचन आहे बायबलमध्ये, पौलाने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 15 व्या अध्यायात, पण त्याच्या मागचं पुढचं कोणी वाचतच नाही. पौल तिथे मंडळीतल्याच लोकांबद्दल बोलतोय, "तुमच्यातलेच काही" म्हणतो, जे म्हणत होते मेलेले काही उठत नाहीत. पौल म्हणतो, तसं असेल तर मग खा प्या, उद्या मरायचंच आहे. म्हणजे कुसंगत बाकावर शेजारीच बसलेली होती! आणि गंमत म्हणजे ते वाक्य पौलाचं स्वतःचं नाही, ग्रीक नाटककार मेनांडरचं मानतात.

बायबलमधल्या शलमोन राजाच्या मुलाचं, रहबामाचं, घ्या, बापामागे तो गादीवर आला. लोक म्हणाले तुझ्या बापाने लादलेलं जू जरा हलकं कर. म्हाताऱ्या मंत्र्यांनी सांगितलं गोड बोल, ऐक त्यांचं. पण याने विचारलं कोणाला तर लहानपणापासून बरोबर वाढलेल्या दोस्तांना, आणि ते म्हणाले सांग त्यांना, माझी करंगळी माझ्या बापाच्या कंबरेपेक्षा जाड आहे. झालं, इस्राएलच्या बारा वंशांतले दहा हातचे गेले. आणि हे दोस्त काही परके नव्हते, घरचेच होते, फक्त त्याला आवडेल तेच बोलणारे.

माझंही तसंच झालं म्हणून एवढं लिहितोय. आमच्याच चर्चच्या संगतीतल्या एकाने मला स्कीम दाखवली, 60 हजार टाका, महिन्याला 8 टक्के. प्रार्थना करूनच फॉर्म भरला हो! दांडिया बाजारचा माझा एक जुना मित्र आहे, देवपूजा केल्याशिवाय चहा न घेणारा, त्याला सेव उसळ खाता खाता सांगितलं तर त्याने खिशातलं पेन काढून बिलाच्या मागे हिशोब मांडला, उसळीची तरी सांडून निम्मे आकडे पुसले गेले तरी थांबला नाही. म्हणाला, "अरे बँक वर्षाला 7 देताना रडते आणि हा वर्षाला 96 देणार? तुझेच पैसे तुला परत देतोय तो, येडा आहेस तू." मला इतका राग आला की तीन महिने त्याचा फोन घेतला नाही. दोन हप्ते आले 4800 चे, मग त्या माणसाचाच फोन बंद. 50,400 गेले. मित्राकडे गेलो तर त्याने "बोललो होतो ना" असं एकदासुद्धा म्हटलं नाही, चहा ठेवायला सांगितला फक्त. मित्राने केलेली जखम खरी असते असं बायबलच्या नीतिसूत्रांत आहे ते मला त्या दिवशी समजलं, आणि तेही चर्चच्या बाहेर.

आणि प्रभू येशूला लोक काय म्हणायचे? जकातदार आणि पापी लोकांचा मित्र. जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी तो पाहुणा म्हणून गेला, पण म्हणून त्याच्यासारखा वसुली करायला नाही बसला, उलट जक्कयानेच लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं. कोण कोणाला ओढतंय ते बघावं, दोस्ताचा धर्म कुठला ते काय बघायचं.

मुलीला मी एवढंच विचारलं, ती तुला कधी रागावते का? तर म्हणाली हो, युनिट टेस्टला मी कॉपी केली तेव्हा दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. म्हटलं मग जा, खाली वाट बघत असेल ती.

एक वाचक,
फतेगंज, बडोदा