ताण-चाचणीच्या नावाखाली हल्ले

माननीय संपादक महोदय,

आपला सर्व्हर किती भार सोसतो हे त्याच्या मालकाला तपासता यावे, या हेतूची ‘लो ऑर्बिट आयन कॅनन’सारखी साधने २०१० मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डची संकेतस्थळे विनंत्यांच्या भडिमाराने ठप्प करण्यासाठी वापरली गेली. त्या साधनात वापरणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील ओळख-क्रमांक) लपत नसल्याने अनेक तरुण थेट पोलिसांच्या हाती लागले. पुढे पैसे घेऊन असे हल्ले करून देण्याचा धंदाच झाला. युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेच्या साहाय्याने एप्रिल २०१८ मध्ये बंद पाडलेल्या ‘वेबस्ट्रेसर’ या अशाच सेवेकडे १,३६,००० हून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते होते. सर्व्हरच्या मालकीचा किंवा मालकाच्या परवानगीचा पुरावा न मागणाऱ्या सेवेला चाचणी म्हणणेच मला मान्य नाही. कठोर कारवाई अशा सेवा चालवणाऱ्यांवर व्हावी, केवळ त्यांच्या जाळ्यात सापडलेल्या कोवळ्या मुलांवर नव्हे.

आपला,
एक नियमित वाचक