रजेचा अर्ज मंजूर झालाय

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं आई पाकीट फोडायच्या आधीच म्हणणार. कारण असं आहे की फोनवर मी विषय काढला की तू "बरं, बाबांशी बोल" म्हणतेस, बाबा "हवा काय म्हणतेय?" विचारतात आणि सांगायचं ते राहून जातं. गेले तीन रविवार हेच झालं. म्हणून आता लिहून मोकळी होते. ऑक्टोबरमध्ये मी एकवीस दिवसांची रजा घेऊन एव्हरेस्ट बेस कॅम्पला जातेय. रजा मंजूर झालीय, तिकिटं काढून झालीत. आणि विभागप्रमुखाची जागा मी घेत नाहीये. तसं लेखी देऊन टाकलंय.

आता बाबा चष्मा काढून टेबलावर ठेवतील. घाला परत, अजून पुष्कळ आहे.

आधी मागच्या वर्षीचं बोलू, त्याशिवाय पुढचं काही बोलायला मला तोंड नाही. हिमाचलातल्या पिन-पार्वती खिंडीच्या ट्रेकला गेले तेव्हा बरेच दिवस फोनला रेंजच नव्हती. चौथ्या रात्री बाबा बाथरूमच्या दारात पडले. खिंडीपलीकडे स्पितीतल्या काझाला पोचल्यावर मी पहिला फोन केला तो तुम्हाला. आई म्हणाली, सगळं छान. मग बाबा आले. खिंड किती उंच होती, विचारलंत. मी म्हटलं, पाच हजार तीनशे एकोणीस मीटर. तुम्ही म्हणालात, "वा!" तेव्हा तुमचा उजवा हात प्लास्टर घालून गळ्यात बांधलेला होता. मी घरी आले, तेव्हा दार तुम्ही डाव्या हाताने उघडलंत.

मी भूलतज्ज्ञ. पेशंटच्या बोटाला चिमटा लावून त्याच्या रक्तातला ऑक्सिजन दिवसभर बघत बसायचं हे माझं काम. तो आकडा उतरायला लागला की मॉनिटरचा सूर खाली येतो, पाठ करून उभी असले तरी मला ऐकू येतं. आणि स्वतःच्या वडिलांचं मनगट मोडल्याचं मला दारात कळलं, तेही इतक्या दिवसांनी. तुम्ही दोघांनी ते मायेपोटीच लपवलंत, कळतंय मला. पण त्याने माझं फिरणं कमी झालं नाही, फिरताना झोप लागेनाशी झाली. त्यानंतर दोनदा बाहेर गेले. दोन्ही वेळा तुमचा आवाज नीट आला तरी मी मनात म्हणत होते, हात कुठे आहे यांचा?

तेव्हा यापुढे लपवायचं नाही. पडलात तर पडलो म्हणून सांगायचं. मी काही लगेच डोंगर सोडून धावत येणार नाही, पण कुणाला फोन करायचा ते मला ठाऊक असतं, तुम्हाला नसतं.

आता ती जागा. बाबा, मला माहीत आहे तुम्हाला हे बोचणार. तुम्हाला तुमचं पद चोपन्नाव्या वर्षी मिळालं, आणि त्याआधी दोनदा तोंडाशी येऊन गेलं होतं. त्या संध्याकाळी तुम्ही जिना नेहमीपेक्षा हळू चढलात, आणि आईने पायांच्या आवाजावरूनच ओळखलं. मी ते हलकं लेखत नाही. पण माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. रात्रभर ड्यूटी झाली तरी सकाळी हँडओव्हर देते. कोणता पेशंट, काय औषध दिलं, कशावर लक्ष ठेवायचं, सगळं पुढच्या माणसाच्या हाती सोपवून बाहेर पडते, आणि मग खरंच बाहेर पडते. विभागप्रमुखाला हँडओव्हर नसतो. कुणाची रजा, कुठलं मशीन बंद, कोण कुणाशी भांडलं, हे सगळं त्याच्या खिशात वाजत राहतं, दुर्बीण लावून ज्वालामुखी बघत असला तरीही. मला केस करायला आवडतात. घाबरलेला माणूस टेबलावर आडवा असतो, त्याच्याशी चार शब्द बोलत त्याला झोपवायचं, काम झालं की जागं करायचं, हे मला वीस वर्षं अजून करायचंय. रोस्टर लावायचा नाहीये.

आणि नोकरी सोडलेली नाही हो! आईच्या डोक्यात तेच येईल म्हणून ठळक लिहितेय. पूर्णवेळ आहे, पगार आहे, पीएफ आहे. या एकवीस दिवसांसाठी चौदा महिने मी दुसऱ्यांचे रविवार आणि रात्री करून दिल्या. अकरा रविवार, नऊ रात्री. वहीत लिहून ठेवलंय, कारण लोक विसरतात. त्यातून उरलेले सहा दिवस बिनपगारी. मला कुणी फुकट सोडत नाहीये आणि मी कुणाच्या डोक्यावर काम टाकून जात नाहीये.

तुम्हाला आकडे लागतात म्हणून हाही देते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास काढला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त. मी गेल्या मार्चचे माझे तास मोजले. किती झाले ते सांगत नाही. आई उगाच काळजी करेल.

बाबा, आता तुमच्यासाठी खास एक माणूस राखून ठेवलाय. टॉम हॉर्नबाइन, अमेरिकेतले भूलतज्ज्ञ, म्हणजे माझ्याच जातकुळीतले. २२ मे १९६३ ला ते आणि विली अनसोल्ड एव्हरेस्टच्या पश्चिम धारेने वर चढले आणि दुसऱ्या बाजूने उतरले. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरणं तोवर कुणालाच जमलं नव्हतं. उतरताना रात्र झाली ती तंबूशिवाय, साडेआठ हजार मीटरच्या आसपास, उघड्यावर काढली. (अनसोल्डच्या पायाच्या बोटांचं पुढे काय झालं ते आई, तू विचारू नकोस.) हॉर्नबाइन परत आले आणि पुन्हा पेशंटना भूल द्यायला लागले. ९२ वर्षं जगले, २०२३ मध्ये गेले. मी त्यांच्यासारखं काही करत नाहीये, मी फक्त पायथ्यापर्यंत चालणार आहे. पण दोन्ही गोष्टी एका माणसात मावू शकतात एवढंच दाखवायचं होतं.

हे लिहिल्यावर लक्षात आलं की तुम्ही शोधून काढाल, म्हणून आधीच कबूल करते. हॉर्नबाइन १९७८ ते १९९३ वॉशिंग्टन विद्यापीठात भूलशास्त्राचे विभागप्रमुख होते. बसा आता मिशीत हसत. पण एव्हरेस्टनंतर पंधरा वर्षांनी झाले ते. मलाही पंधरा वर्षं द्या, मग बघू.

खरं सांगू का, हे सगळं मी तुम्हाला पटवायला लिहितेय की मलाच, कोण जाणे. ती तीनशे दिवसांची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुमची तीनशे दिवसांची रजा साठलेली होती. दहा महिने. तिचे पैसे मिळाले आणि ते कुठे गेले ते आपल्या तिघांना माहीत आहे. माझं एमडी त्या रजेवर झालं. दादाला अजून वाटतं कर्ज काढलं होतं. त्याला सांगू नका, त्याचं ते वर्ष आधीच पुरेसं वाईट होतं.

आणि तो अॅटलस. खाकी कव्हर घातलेला, पाठीला पट्टी चिकटवलेला. मी पालथी पडलेली असायचे, तुमचं बोट पुढे आणि माझं बोट त्याच्या मागे. मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंत तुम्ही पेन्सिलीने रेघ काढली होती, अगदी फिकी, खोडता यावी म्हणून. "नऊ हजार दोनशे एकोणनव्वद किलोमीटर, छोटे. गाडीत एक आठवडा." मी विचारायची, आंघोळ कुठे करायची? तुम्ही म्हणायचात, करायचीच नाही. तेव्हापासून मला ती गाडी फार आवडायला लागली. इर्कुत्स्क यायच्या आत मला झोप लागायची. आई आतून विचारायची, "पोचलात का?"

रेघ अजून आहे. मागच्या वेळी मी बघितली, तुम्ही झोपला होतात.

असो. आता व्यवस्था. आई, इथून पुढे तू हो-ला-हो करायचं, वाद नाही.

एक मावशी रात्री सोबतीला येतील, मी निघायच्या आदल्या दिवसापासून ते परत आल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. ठरलंय, अॅडव्हान्स दिलाय, परत मिळणार नाही. घोरत नाहीत, मी विचारून घेतलंय. बाहेरच्या खोलीत झोपतील, तुमच्या खोलीत नाही, तेव्हा परक्या माणसाची अडचण वगैरे काढू नकोस. तुझ्या कपाटाची किल्ली तुझ्याकडेच राहील.

बाथरूममध्ये दोन दांडे बसवायला माणूस येत्या शनिवारी येतोय. एक कमोडजवळ, एक दारापाशी. बाबा, तो येईल तेव्हा "मला काय झालंय" हे वाक्य बोलायचं नाही. पायपुसणं मी टाकून दिलंय, रबराचं मागवलंय. रात्री उठलात की लगेच उभं राहायचं नाही. पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, मग उठायचं. मागच्या वेळी तुम्ही घसरला नव्हतात, तुमचं बीपी उभं राहताना एकदम उतरलं होतं. तुमच्या त्या नव्या गोळीने तसं होतं, म्हणून डॉक्टरांनी ती कमी केलीय. दिवा लावायला आळस केलात तर मला मावशी सांगतील. हो, त्यांना सांगून ठेवलंय. चुगली म्हणा हवं तर.

आई, थायरॉईडची गोळी उठल्याउठल्या पाण्याबरोबर, आणि कॅल्शियमची त्यानंतर चार तासांनी तरी. दोन्ही एकदम घेतल्या की थायरॉईडची नीट लागू पडत नाही. "एकदमच घेऊन टाकते, लक्षात राहत नाही" हे कारण चालणार नाही. सात खणांचा डबा मी भरून ठेवीन, पहिल्या आठवड्याचा निळा, दुसऱ्याचा पांढरा, तिसऱ्याचा तो जुना ज्याचं बुधवारचं झाकण तुटलंय. बुधवारला चिकटपट्टी लावली आहे.

माझी काळजी कराल, तर घ्या. विमान उतरतं ते लुकला २,८६० मीटरवर, वाटेतलं नामचे ३,४४०, आणि बेस कॅम्प ५,३६४. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा, म्हणजे श्वासात मिळणारा ऑक्सिजनही निम्माच. म्हणून हळूहळू चढायचं. तीन हजारांच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि मधे विश्रांतीचे दिवस. आमचे दोन आहेत. डोकं दुखायला लागलं तर वर जायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं. मी हे पेशंटना सांगत असते, मलाही पाळता येतं. लुकलाचं विमान हवा बिघडली की उडत नाही, म्हणून शेवटी दोन दिवस मोकळे ठेवलेत. आणि परत आल्यावरही दोन दिवस कामावर जायचं नाही. पूर्वी मी पहाटे उतरून आठला ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहायचे आणि त्याची फुशारकी मारायचे. ते चुकीचंच होतं. ते दोन दिवस मी तुमच्याकडे येऊन लोळणार आहे. माझी गादी आतल्या खोलीत घाला.

फोन रोज संध्याकाळी. या वाटेवर बहुतेक मुक्कामी पैसे भरून वाय-फाय मिळतं, पिन-पार्वतीसारखं नाही. तरी एखाद दिवस नाही आला, तर आई, दादाला मध्यरात्री उठवायचं नाही. दोन दिवस नाही आला तर उठव. व्हिडिओवर बोलायचं, आणि बाबांनी दोन्ही हात दिसतील असं बसायचं. हसण्यावारी नेऊ नका, मी खरंच बघणार आहे.

आणखी काय. बाबा, मनगटाचा व्यायाम करताय ना? चेंडू दाबायचा, दिवसातून तीनदा. पेन्सिल धरता येतेय का, तेवढं एका ओळीत लिहून कळवा. टाइप करून नको, लिहून.

तुमची
छोटी

ता. क. आई, हे पत्र तू बाबांना वाचून दाखवशील. बाथरूमचा आणि तीनशे दिवसांचा भाग गाळू नकोस. तू गाळतेस, मला माहीत आहे.