हार्वर्डचा निधी आणि ‘मदत’ हा शब्द

महोदय,

अमेरिकेतील खासगी विद्यापीठे आणि ट्रम्प प्रशासन यांच्यातील वादाविषयी लिहिताना आपल्याकडे ‘सरकारी मदत रोखली’ असे सर्रास म्हटले जाते आणि मग ओघाने प्रश्न येतो की, ५० अब्ज डॉलरहून अधिक गंगाजळी बाळगणाऱ्या हार्वर्डने सरकारपुढे हात पसरावेतच कशाला. ती गंगाजळी बहुतांशी देणगीदारांनी ठरावीक कामांसाठी बांधून दिलेली आहे, हे बाजूला ठेवू. अनुदानित महाविद्यालयाच्या लेखा विभागात उमेदीची वर्षे घालवल्यामुळे माझा आक्षेप ‘मदत’ या शब्दालाच आहे.

संशोधनाचे अनुदान अमुक काम अमुक मुदतीत करून देण्याच्या बोलीवर, तज्ज्ञांच्या छाननीनंतर मंजूर होते आणि त्याचा पैन्‌पैचा हिशेब द्यावा लागतो. आमच्याकडे उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यावर, सनदी लेखापालाची सही राहून गेली, तर पुढचा हप्ता अडत असे. त्यावर आम्ही चरफडलो, तरी अट कामाशी निगडित होती. स्नेहसंमेलनात कोणी काय भाषण केले म्हणून रसायनशास्त्राच्या प्रकल्पाचा हप्ता रोखला असता, तर त्याला कोणी अट म्हटले नसते.

एप्रिल २०२५ मध्ये हार्वर्डबाबत असेच घडले. ट्रम्प प्रशासनाने ११ एप्रिलच्या पत्रात ज्यूद्वेषाविरुद्ध उपाय तर मागितलेच, पण प्रवेश, नेमणुका आणि अध्यापक-विद्यार्थ्यांची वैचारिक जडणघडण यांचीही बाहेरच्यांकडून तपासणी मागितली. विद्यापीठाने १४ तारखेला नकार कळवला आणि त्याच दिवशी सुमारे २.२ अब्ज डॉलरची अनुदाने गोठवली गेली. काम थांबवण्याचा आदेश ज्यांना मिळाला त्यांत क्षयरोगावर संशोधन करणारेही होते. गाझा युद्धावरून विद्यापीठाच्या आवारात झालेल्या निदर्शनांचा क्षयाच्या जंतूंशी संबंध काय, हे निदान जगात सर्वाधिक क्षयरुग्ण असलेल्या आपल्या देशाने तरी विचारावे.

भेदभाव करणाऱ्या संस्थेचा निधी तोडण्याची तरतूद १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात आहे आणि ती असायलाच हवी. मात्र त्यासाठी आधी सूचना, मग सुनावणी व लेखी निष्कर्ष, संसदीय समित्यांना अहवाल आणि नंतर ३० दिवसांची मुदत असा क्रम त्याच कायद्याने घालून दिला आहे. शिवाय ज्या कार्यक्रमात दोष आढळला, तेवढ्यालाच कात्री लावता येते. बोस्टनच्या न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी ३ सप्टेंबर २०२५ रोजी हा निधी गोठवणे बेकायदा ठरवले, ते क्रम डावलल्यामुळे आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाल्यामुळेही.

पण निकाल लागेपर्यंत पाच महिने जातात आणि प्रकल्पावरील संशोधकांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. दबाव नेमका इथे बसतो. ४० कोटी डॉलरची अनुदाने व कंत्राटे मार्चमध्ये रद्द झाल्यावर कोलंबिया विद्यापीठाने न्यायालयाची वाट धरली नाही. जुलैमध्ये तीन वर्षांत २० कोटी डॉलर भरण्याचे मान्य करून तडजोड केली. त्याच महिन्यात ब्राउन विद्यापीठाने दहा वर्षांत ५ कोटी डॉलर रोजगार-प्रशिक्षण संस्थांना देण्याचे कबूल केले.

आम्हा सातारकरांना ही गोष्ट अगदीच अनोळखी नाही. १९४८ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी सरकारवर टीका केल्यावर मुंबई सरकारने त्यांच्या ‘रयत शिक्षण संस्थे’चे अनुदान बंद केले होते आणि अखेर गाडगे महाराजांना तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकावा लागला होता. तेव्हाही ती रक्कम शाळा चालवण्याच्या खर्चापोटीच मिळत होती. आपल्या वृत्तपत्राने यापुढे अशा बातम्यांत ‘मदत’ऐवजी ‘अनुदान’ किंवा ‘करार’ असे जे असेल ते लिहावे, एवढी विनंती आहे.

— एक निवृत्त लेखापाल, सातारा