माळवदावर ‘एलिझाबेथ एकादशी’

लीड्स, ऑक्टोबर

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न.

पाडव्यानंतर सगळी पोरं सोलापुरात जमणार आहेत, तेव्हा कार्तिकीच्या आधी एका रात्री माळवदावर परेश मोकाशींचा सिनेमा ‘एलिझाबेथ एकादशी’ लाव. 2014 चा आहे, आपण सगळ्यांनी पाहिलेला. पण मुलांबरोबर परत बघायला हाच बरा, कारण पहिल्या खेपेला आपण त्यातल्या गण्याच्या, म्हणजे ज्ञानेशच्या मित्राच्या, तोंडाळपणावर हसतो आणि पैशांचा हिशेब निसटतो. (गण्याच्या शिव्यांबद्दल आजीला आधी सांगून ठेव, नाहीतर मध्येच खाली जाईल.)

यात खलनायक नाही, थकलेला हप्ता आहे. ज्ञानेशच्या आईचं स्वेटर विणायचं मशीन जप्त झालं की स्वेटर बंद, स्वेटर बंद की हप्ता बंद, आणि हप्ता भरल्याशिवाय मशीन सुटत नाही. त्यात महिना कार्तिक, म्हणजे थंडीची गिऱ्हाइकं यायला लागतात नेमकी तेव्हा. घरात विकण्यासारखं उरतं ते एकच, वडिलांनी बनवलेली सायकल. मागाच्या कर्जावर चाललेली घरं आपल्या गल्लीत कमी नाहीत, त्यामुळे आई सायकल विकायला का निघते हे सोलापूरच्या पोरांना समजावून सांगावं लागणार नाही. ज्ञानेश आणि त्याची बहीण झेंडू आईच्या नकळत कार्तिकीच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात, तिथे मात्र सिनेमा थांबव आणि त्यांच्या हातात वही दे.

समजा एक डझन 30 रुपयांना आणला, 40 ला विकला. डझनामागे 10 सुटले. एक डझन हातातून पडून फुटला की तीन डझनांचा नफा गेला. दुसरी गोम मापाची. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी मापं असतात आणि हिरवी आवडली तरी मनगटाला बसली पाहिजे. पाच रंग आणि चार मापं, प्रत्येकी एकच डझन ठेवला तरी 20 डझन झाले, म्हणजे 600 रुपये आधीच अडकले. शिवाय खपणारं माप पहिल्या दिवशीच संपतं आणि न खपणारं यात्रा उठली तरी पाटीत राहतं. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या कासाराला विचारा, तो हेच सांगेल. एवढं गणित झालं की मग पुढे लाव. पोरांचे गंभीर चेहरे जास्त हसवतात ते त्यानंतर. मोठ्यांसारखं वागायचा आव कुणी आणत नाही. त्यांना खरोखरच पैसे हवे असतात.

आता मांडणी. भाड्याचा प्रोजेक्टर घेताना ‘थ्रो रेशो’ विचार, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट अंतरावर तो ठेवायचा. तो 1.5 असेल तर 2.2 मीटर रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर पडद्यापासून 3.3 मीटरवर लागेल. चादर पांढरी, सुती, दुहेरी घे. एकेरीतून बराच उजेड मागे निघून जातो. आपली सोलापुरी चादर नको, नक्षीवर चेहरे ओळखू येणार नाहीत. चारही कोपरे दोरीने ताण आणि खालच्या काठात बांबू घाल. नुसती टांगलीस तर वाऱ्याने पोटात फुगते आणि चित्र मधोमध धूसर होतं. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण सातच्या आधी सुरू करू नकोस, रंग फिके दिसतात.

सिनेमा लॅपटॉपमध्ये आधीच उतरवून ठेव. मोबाइलवरून स्क्रीन पाठवली तर बऱ्याच अ‍ॅपमध्ये आवाज येतो आणि चित्र काळं राहतं, कारण कॉपी होऊ नये म्हणून ते अडवलेलं असतं. स्पीकर ब्लूटूथवर नको. आवाज किंचित मागून येतो आणि विनोदाला तेवढंही पुरतं. ओठ आधी हलतात, हशा पडत नाही. साधी 3.5 मिलिमीटर जॅकची वायर लाव, पाच मीटर तरी हवी, आणि स्पीकर चादरीच्या खालीच ठेव. दिव्याचा प्रोजेक्टर असला तर शेवटी बटणाने बंद कर आणि पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नकोस, दिवा तापलेलाच राहून खराब होतो. भरपाई भाडेकरूकडूनच घेतात.

सिनेमा दीड तासाचा, वहीसकट दोन तास धर. वहिनी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी आधीच वाटून द्या. मध्ये दिली तर बांगड्यांचा हिशेब चुकतो.

तुझी धाकटी