ठसा असलेली लाल गाडी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "तू जोडतेस त्या छोट्या प्लॅस्टिकच्या गाड्यांतली एक मला दे, कपाटात ठेवीन." मी लगेच हो म्हटलं आणि नवी बीटल, ती फोक्सवॅगनची गोल पाठीची गाडी, खोक्यात भरायलाही घेतली. रात्री आईचा पुन्हा फोन. "ती चकचकीत नको गं. पहिली कुठे आहे, लाल? जिच्यावर तुझ्या अंगठ्याचा ठसा उमटलाय, ती दे."

आई, खरं सांगू? ती गाडी मी तुझ्या फोनच्या आदल्याच दिवशी बाजूला काढून ठेवली होती. तिचा सगळा रंग उतरवून पुन्हा नव्यानं रंगवायची असं ठरलं होतं, कारण आता मला ते येतं. तुझा फोन आला आणि मी तिला परत टेबलावर आणून ठेवलं. दोन दिवस तिच्याकडे बघते आहे. ती तुमच्याकडे येण्याआधी तिच्यावर काय काय आहे ते सांगावंसं वाटतं. बाबांचे दोन प्रश्नही राहिलेत: इतकी बारीक रेघ हातानं कशी निघते आणि वर्षभरात तीनच गाड्या कशा होतात.

खोकं उघडलं की आत प्लॅस्टिकच्या चौकटी निघतात. त्यांना स्प्रू म्हणतात. आरसे, सीटा, स्टिअरिंग, वायपरसुद्धा, सगळे भाग त्या चौकटींना बारीक देठांनी लटकलेले असतात. लाल गाडीच्या वेळी मी ते देठ बोटांनी पिरगाळून तोडले. म्हणून तिच्या पुढच्या बंपरच्या कडेला खड्डा आहे. आता सपाट पात्याच्या कटरनं आधी भागापासून लांब कापते, मग उरलेला देठ दुसऱ्यांदा कापते आणि राहिलेली गाठ 600 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासते. एकदम जवळ कापलं की प्लॅस्टिकवर ताण येऊन पांढरा डाग पडतो.

समोरची काच धुरकट आहे. ती धूळ नाही आई, पुसत बसू नकोस. मी ती झटकन चिकटणाऱ्या गोंदानं बसवली होती. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते आणि पांढरी पडते. काचांना आणि दिव्यांना साधा पांढरा गोंद लावायचा असतो. ओला असताना तो दुधासारखा दिसतो आणि वाळला की दिसत नाही. बाकीच्या भागांसाठी प्लॅस्टिक जोडायचं पाण्यासारखं पातळ द्रावण मिळतं, त्याला सिमेंट म्हणतात. दोन भाग एकमेकांना टेकवून धरायचे आणि सांध्यावर ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं. ते केशाकर्षणानं आपोआप आत ओढलं जातं. दोन्हीकडचं प्लॅस्टिक विरघळून एकजीव होतं, म्हणजे हे चिकटवणं कमी आणि वेल्डिंग जास्त. बाबा, हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा तुम्हीच आठवलात. तुम्ही हे बघत तासभर बसला असतात.

चारपैकी एक चाक टेबलाला टेकत नाही. खालचा सांगाडा सरळ बसलाय का हे मी चिकटवण्याआधी पाहिलंच नव्हतं. आई ब्लाउज शिवताना मशीनवर घ्यायच्या आधी कच्चा धावदोरा घालते ना, अगदी तेच इथे करायचं असतं. गोंदाचा थेंबही न लावता सगळे भाग टेपनं एकत्र धरायचे, गाडी सपाट काचेवर ठेवायची आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून बघायचं. चारही चाकं टेकतात का, दोन्ही बाजूंनी मडगार्ड आणि टायरमध्ये सारखीच फट आहे का. ह्या कच्च्या धावदोऱ्यालाच आता माझी अर्धी संध्याकाळ जाते, आणि ती मला सगळ्यात आवडते.

आता रंग. ह्याबद्दल जास्त लिहीन, कारण लाल गाडीचं सगळं बिघडलं ते रंगात, आणि मी खरं शिकले तेही रंगातच.

आधी प्रमाण. माझ्या गाड्या एकास चोवीसच्या आहेत. खऱ्या गाडीची प्रत्येक लांबी भागिले 24. खरी बीटल साधारण 4.07 मीटर लांब असते, माझी 17 सेंटिमीटर. तेच गणित रंगालाही लागतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मॉडेलवर रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या गाडीवर तो जवळजवळ अडीच मिलिमीटर झाला असता! लाल गाडीचे दरवाजे बघा. दरवाजाभोवतीची खाच रंगानं बुजली आहे, जणू दरवाजा उघडतच नाही. मी रंगाच्या फवाऱ्याचा डबा गाडीच्या अगदी जवळ धरून एकाच दमात सगळं लाल करून टाकलं होतं. डाव्या बाजूला खाली ओघळ आला आहे, तोही त्याच घाईचा.

आता रंगाच्या आधीच बरंच काम होतं. बॉडी कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणानं धुते, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी त्यावर राहिलेलं असतं आणि रंग तिथे धरत नाही. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे बॉडीवर केसासारखी एक रेघ उठते, ती घासून काढते. दरवाजाच्या खाचा सुईसारख्या हत्यारानं थोड्या खोल करते. मग राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर. प्रायमर मारला की प्रत्येक ओरखडा उघडा पडतो, ते पुन्हा घासायचे आणि पुन्हा प्रायमर. रंगाचा डबा थोडा वेळ कोमट पाण्यात उभा करते, म्हणजे आतला दाब वाढतो आणि तुषार बारीक निघतो. पाणी कोमटच, आई, काळजी करू नकोस. पंधरा-वीस सेंटिमीटर अंतर ठेवायचं. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडे जाऊन थांबवायचा, गाडीवर कधीच थांबायचं नाही. पहिला हात इतका विरळ की प्रायमर अजून दिसतोय. दुसरा, तिसरा, आणि शेवटचा एक जरा ओलसर.

दमट दिवशी मी रंग मारत नाही. लॅकर, म्हणजे झटकन वाळणाऱ्या द्रावकातला रंग, त्यावर पांढुरकी साय धरते. एवढ्या कारणानं बीटल एकदा कितीतरी दिवस टोपलीखाली झाकून पडली होती, आणि तेव्हाच बाबांचा 'झाली का गाडी?' असा फोन आला होता.

आणि ठसा. आई, तो टपावर उजवीकडे आहे. रंग वर कोरडा लागला म्हणून मी गाडी उचलली, पण रंग हाताला कोरडा लागणं वेगळं आणि आतपर्यंत वाळणं वेगळं. आता नाक जवळ नेऊन वास घेते. वास येतोय तोवर आतला द्रावक अजून उडतोय, तोवर हात लावायचा नाही. वर्षाला तीनच गाड्या का, ह्याचं बरंचसं उत्तर ह्या वाट बघण्यात आहे. मधल्या दिवसांत मी सीटा रंगवते, इंजिन जोडते, डॅशबोर्डवरच्या काट्यांवर पांढरे ठिपके देते.

दुसऱ्या गाडीबद्दल थोडंच. तिचं प्लॅस्टिकच लाल होतं आणि मला ती पांढरी हवी होती. दोन दिवसांत पांढरा रंग गुलाबी झाला, कारण प्लॅस्टिकमधला लाल वर झिरपतो. मध्ये चंदेरी थर दिला की तो अडतो. रंग ॲक्रिलिक होता, म्हणून बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून तो जुन्या टूथब्रशनं काढता आला. त्या दिवसापासून प्रत्येक रंग आधी प्लॅस्टिकच्या चमच्याच्या पाठीवर मारून बघते. चमच्याची गोलाई मडगार्डसारखीच असते. माझ्याकडे असे पन्नासेक चमचे साठलेत, प्रत्येकाच्या दांड्यावर कोणत्या रंगावर कोणता रंग ते लिहिलेलं. एका चमच्यावर एनॅमलवर लॅकर मारला, तर खालचा रंग सुरकुतून गेला. गाडीवर झालं असतं तर किती वाईट वाटलं असतं!

बीटल तामिया ह्या जपानी कंपनीच्या किटची आहे, 1966 सालचं 1300 मॉडेल. इंजिन मागे, डिकी पुढे. तिच्या काचांभोवती काळं रबर आहे आणि बाजूनं बारीक चमकती पट्टी जाते. बाबा, तुम्ही विचारलंत ती रेघ हीच. ती मी हातानं काढलेली नाही. काळ्या रबरासाठी आजूबाजूला मास्किंग टेप लावायची, टेपची कड लाकडी काडीनं घट्ट दाबायची आणि मग रंग द्यायचा. सरळपणा टेपचा असतो. चमकती पट्टी म्हणजे अतिशय पातळ, मागून चिकट असलेला धातूचा कागद. तो पट्टीवर घासून बसवायचा आणि नव्या कोऱ्या ब्लेडनं कडेकडेनं कापायचा. ब्लेड जुनं असेल तर कागद फाटतो, म्हणून ह्या एका कामाला मी दरवेळी ब्लेड बदलते.

तिच्याही बॉनेटवर एक जागा आहे. रंगावर पारदर्शक थर दिल्यावर तो 2000च्या पेपरनं पाण्याखाली घासून मग पॉलिश करायचा असतो, तेव्हाच तो आरशासारखा होतो. कडांवर थर मुळातच पातळ असतो. मी कडेवर एक हात जास्त मारला आणि खालचा राखाडी वर आला. बॉनेट पुन्हा रंगवलं, पण उन्हात धरलं तर छटेत किंचित फरक कळतो. पुढच्या वेळी कडांवर आधीच टेप लावून घेईन.

बाबा, तुम्ही म्हणालात, "माझा हात आता थरथरतो, मला कसलं जमतंय." थरथर माझ्याही हाताला आहे, ब्रश हवेत धरला की दिसते. म्हणून दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर टेकवायची, एका हाताची करंगळी दुसऱ्या हाताला लावायची, आणि आरशासारखा छोटा भाग बोटांत न धरता काडीच्या टोकावर चिकटवून रंगवायचा. हात हलला तरी दोन्ही हात एकत्र हलतात, आणि ब्रश जागेवर राहतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बीटलचे मागचे दिवे रंगवताना आपोआप कळलं, आणि पहिल्यांदा तुम्हाला सांगावंसं वाटलं.

लाल गाडी उद्या पाठवते. रंग उतरवणार नाही, ठसा जसाच्या तसा आहे. आई, तिला खिडकीच्या उन्हात ठेवू नकोस, उष्णतेनं हे प्लॅस्टिक वाकतं. धूळ मऊ मेकअपच्या ब्रशनं झटकायची, फडक्यानं नाही, नाहीतर आरसा अडकून निघेल. निघालाच तर पांढऱ्या गोंदाचा एक ठिपका पुरे.

खोक्यात कापसाखाली एक छोटी पुडीही आहे. ती बाबांची. त्यात माझ्या पुढच्या गाडीचे चार टायर आणि 400 नंबरचा पेपर आहे. नवे टायर फार चकाकतात, आणि मधोमध साच्याची एक रेघ असते. टायर पेन्सिलीवर घट्ट बसवा, पेपर टेबलावर पसरा आणि त्यावर हलक्या हातानं फिरवत राहा, रेघ जाईपर्यंत आणि चकाकी मरेपर्यंत. रस्त्यावर चाललेल्या टायरसारखा दिसला की थांबायचं. त्याला बारीक नजर लागत नाही, बोटाला रेघ लागते का ते बघायचं. चारही सारखे झाले की पाठवा. तोवर मी बॉडी प्रायमरपर्यंत आणते, चाकं तुमचे टायर आल्यावरच बसवीन.

तुमची,
लेक